एका वाक्यात न मावणारं उत्तर

चि. ओंकार यास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, पहिलं महायुद्ध कशामुळे झालं? एका वाक्यात सांग." सारायेव्होचा खून, असं मी सांगून टाकलं आणि तू ते लिहूनही घेतलंस. तेव्हापासून ते उत्तर मला सलतंय. मार्क मिळतील तुला, पण ते पुरं उत्तर नव्हे.

खून झाला २८ जून १९१४ ला. सकाळी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याच्या मोटारीवर बॉम्ब फेकला होता, तो हुकला. नंतर ड्रायव्हर चुकीच्या रस्त्याला वळला, गाडी थांबली आणि समोर मारेकऱ्यांपैकीच एक, बोस्नियातला सर्ब पोरगा गाव्रिलो प्रिन्सिप उभा. वय वर्षं १९, म्हणजे तुझ्याहून थोडाच मोठा. युवराज आणि त्याची बायको सोफी, दोघंही गेले.

पण ब्रिटन युद्धात उतरलं ४ ऑगस्टला. मधले दिवस मोज, ३७ भरतात. जर्मनीच्या कैसरने, म्हणजे सम्राटाने, ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा दिला. खुनामागे शेजारच्या सर्बियाचा हात आहे म्हणत ऑस्ट्रियाने सर्बियापुढे मागण्या ठेवल्या आणि उत्तराला ४८ तास दिले. सर्बियाने बहुतेक सगळ्या मान्य केल्या. ते उत्तर कैसरने २८ जुलैला वाचलं आणि आता युद्धाला कारणच उरलं नाही, असा शेरा मारला. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं! रशियाने सर्बियासाठी फौज उभी केली. १ ऑगस्टला कैसर म्हणाला, सगळं सैन्य पूर्वेला रशियाकडेच वळवा, रशियाचा दोस्त असलेल्या फ्रान्सवर नको. सेनापती मोल्टके म्हणाला, आता ते होणे नाही. फौजेच्या रेल्वेगाड्यांची वेळापत्रकं आधीच बसवलेली होती. मग बेल्जियम तुडवून सैन्य फ्रान्सकडे निघालं आणि बेल्जियमला दिलेल्या जुन्या शब्दासाठी ब्रिटनही आलं. आपसातले करार, वसाहतींची हाव, आरमाराची चढाओढ ही कारणं तुझ्या पुस्तकात आहेतच, ती खरीही आहेत. पण मला राग येतो तो या ३७ दिवसांचा. थांबवणं हातात असलेली माणसं होती रे, आणि एकानेही पाय रोवला नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे. काही महिन्यांत संपेल म्हणून गेलेली पोरं चार वर्षं खंदकात राहिली. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटनचे १९ हजारांवर सैनिक मेले. १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली, अमेरिका उतरली, आणि ११ नोव्हेंबर १९१८ ला तोफा थांबल्या.

आता पुस्तकात नाही ते सांगते. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरल्यावर इंग्रजांनी इराककडे, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, पुणे डिव्हिजन पाठवली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. कूट नावाच्या गावात तुर्कांनी डिसेंबर १९१५ मध्ये त्यांना वेढलं. धान्य दळायला साधन नव्हतं, म्हणून विमानातून जात्याचे दगड टाकले. घोडे मारून खायची वेळ आली. धर्माला चालत नाही म्हणून आपल्यातल्या पुष्कळांनी शेवटाशेवटापर्यंत ते मांस तोंडात घातलं नाही आणि अंगावर दुखणी काढली. २९ एप्रिल १९१६ ला सगळे शरण गेले, सुमारे १३ हजार. त्यांचा सेनापती जनरल टाउनशेंड याला इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवलं. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यातले कितीतरी वाटेतच पडले.

सारायेव्होत गाडी कुठे वळली आणि आपल्याकडचा कुणबी कुठे जाऊन उपाशी मेला!

दिवाळीला आलास की माझ्या माहेरी जाऊ. चावडीच्या भिंतीत एक दगड बसवलाय. १९१४-१९१९ च्या युद्धात या गावातून किती गेले आणि त्यांतले किती मेले, एवढंच त्यावर आहे. नाव एकही नाही. लहानपणी त्याच दगडाला टेकून आम्ही राज्य घ्यायचो, वाचला मात्र कधी नाही. अक्षरं आता झिजलीत. येताना पातळ कागद आणि पेन्सिल आण, घासून उतरवून घेऊ.

तुझी,
आई