लिनक्सवाल्यांनो भांडा, पण नवीन माणसाला मध्ये घेऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका, लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाका असं सगळीकडे छापून येतंय. बरोबरच आहे ते, मी स्वतः लोकांना लिनक्स टाकून देतो. पण टाकल्यावर माणूस ज्यांच्या तावडीत सापडतो त्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे एका रिटायर्ड सरांना मिंट टाकून दिलं होतं (मिंट, आर्च, डेबियन हे सगळे लिनक्सचेच प्रकार). स्कॅनर चालेना म्हणून त्यांनी एका ग्रुपवर विचारलं, मॉडेल नंबरसकट, साधा प्रश्न. पहिलं उत्तर आलं, मिंट कशाला, आर्च टाका. दुसरा म्हणाला आर्चवाले नुसते मिरवतात, डेबियन घ्या. तिसरा म्हणे ड्रायव्हर (स्कॅनर चालवणारा प्रोग्राम) क्लोज्ड सोर्स, म्हणजे कोड गुप्त ठेवलेला असेल तर स्कॅनरच फेकून द्या. मग आर्च आणि डेबियनवाल्यांची जी जुंपली ती रात्रीपर्यंत चालली आणि सरांचा प्रश्न राहिला बाजूला. एक छोटं पॅकेज टाकायचं होतं हो, दोन मिनिटांचं काम, ते मी दुसऱ्या दिवशी जाऊन केलं, पण तोवर सर विंडोज परत टाकून द्याल का विचारायला लागले होते.

आता भांडणंच वाईट असं मी अजिबात म्हणणार नाही. केडीई या डेस्कटॉपचंच बघा (डेस्कटॉप म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्या, मेनू वगैरे). १९९६ मध्ये जर्मनीत मथियास एट्रिखने लिनक्ससाठी चांगला डेस्कटॉप करायला घेतला (योगायोग म्हणजे तारीख १४ ऑक्टोबरच), पण तो ज्या क्यूटी लायब्ररीवर (खिडक्या, बटणं काढणाऱ्या तयार कोडवर) उभा होता ती नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीची, आणि तिचं लायसन्स काही खऱ्या अर्थाने मुक्त, म्हणजे कोड कुणालाही बदलता-वाटता येईल असं नव्हतं. यावर शिव्या देणारे खूप होते, पण मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी १९९७ मध्ये सरळ दुसरा डेस्कटॉपच लिहायला घेतला, तो गनोम. शिवाय क्यूटीची मुक्त नक्कल करायचाही एक प्रोजेक्ट निघाला. एवढा दबाव आल्यावर ट्रोलटेक हळूहळू वाकली आणि सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आली. आज आपल्याला दोन डेस्कटॉप फुकट मिळतात आणि दोन्ही मुक्त, ते या भांडणामुळेच.

पण तेव्हाही एक गोष्ट खटकलीच. क्यूटी मोकळी झाल्यावर मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमनने लिहिलं की केडीईवाल्यांनी आधी दुसऱ्यांचा जीपीएल कोड त्याच्याशी न जुळणाऱ्या लायसन्सच्या क्यूटीला जोडून लायसन्स मोडलं होतं, तर आता त्या लेखकांकडून माफी मिळवायला पाहिजे. कायद्याने त्याचं म्हणणं बरोबर असेलही, आणि त्याच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या कोडपुरती माफी त्याने तिथेच देऊनही टाकली, पण ज्यांनी रात्र रात्र जागून फुकट कोड लिहिला त्यांना पेढे द्यायच्या दिवशी माफीची भाषा ऐकवली तर कोण खूश होईल? त्याच वर्षी गनोमच्याच हॅवॉक पेनिंग्टनने फ्रीडेस्कटॉप सुरू केलं, दोन्ही डेस्कटॉपसाठी सामाईक नियम ठरवायला. केडीईचं ॲप गनोमच्या मेनूत आपोआप दिसतं ना, ते अशा कामामुळे. माझ्या मते लिनक्सचा खरा प्रचार हाच, आणि पेनिंग्टनचं नाव दहातल्या नऊ लिनक्सवाल्यांना माहीत नसेल.

आता विंडोजवरून येणाऱ्यांसाठी केडीईवाल्यांनी छान मोहीम काढली आहे, तुमचं जुनं मशीन अजून चालतं असं सांगतात, कुणाला मेंढरं वगैरे म्हणत नाहीत. आपल्याकडच्या ग्रुपवाल्यांना मात्र विंडोज वापरणारा म्हणजे एकतर अडाणी नाहीतर गुलाम वाटतो. अरे त्याला टॅली चालवायचंय, बँकेचं काम करायचंय, मुलीचा फॉर्म भरायचाय, सिस्टीमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) चांगलं का वाईट याच्याशी त्याला काय घेणंदेणं!

तुम्हालाही एक विनंती. पुढच्या लेखात वीस डिस्ट्रोंची (लिनक्सच्या प्रकारांची) यादी देऊ नका, एकच नाव द्या आणि पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघा एवढं लिहा. वायफाय लागतं का, प्रिंटर चालतो का, मराठी टाइप होतं का, हे इन्स्टॉल न करताच कळतं. आणि टॅलीवर धंदा असेल तर विंडोज काढू नका हेही स्पष्ट छापा, लिनक्सवाले चिडले तरी चालतील.

आपला,
एक वाचक, सांगली