जास्तीची पिल्लं तलावात सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी संध्याकाळी कंबर तलावावर एक गृहस्थ लहान मुलीला घेऊन आले होते. मुलीच्या हातातल्या पिशवीत गप्पी माशांची शंभरेक पिल्लं होती. तिनं पिशवी पाण्यात उलटी केली आणि बराच वेळ हात हलवत राहिली. दोघांनी ते चांगल्या मनानं केलं, यात शंका नाही. म्हणूनच हे पत्र लिहितो आहे.

टॉवेलच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे 9 वर्षं, मी घरात गप्पी पाळतो. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. साधारण 4 आठवड्यांनी एका मादीला 20-30, कधी 50 सुद्धा. शिवाय एकदा नर लागला की मादी त्याचं बीज महिनोन्‌महिने साठवते. त्यामुळे दुकानातून एकटी मादी आणली तरी घरात पुन्हा पुन्हा पिल्लं होतात. विकताना हे कुणी सांगत नाही.

पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम जिऱ्याएवढं असतं, आणि समोर आलं तर आईच ते गिळते. म्हणून लपायला टाकीत हायड्रिला किंवा जावा मॉससारखी पाणवनस्पती दाट हवी. पहिल्या वर्षी मी उकडलेल्या अंड्याचं पिवळं मलमलच्या फडक्यातून गाळून घालायचो. एकदा हात सैल पडला. उरलेलं तळाशी कुजलं, पाणी दुधाळ झालं आणि सकाळी 40 पिल्लं मेलेली दिसली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आता आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवाची अंडी मिठाच्या पाण्यात ठेवतो. दिवस-दीड दिवसात नारिंगी ठिपके हलू लागतात. ते गाळून, साध्या पाण्यात धुऊन थोडे थोडे दिवसातून 3-4 वेळा घालतो.

आमच्याकडे नळाला पाणी 4-5 दिवसांआड येतं. ते थेट टाकीत ओतू नये, त्यात क्लोरीन असतो. उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच पाव टाकी बदलावी. उन्हाळ्यात पारा 42 च्या वर गेला की तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी होतो, पिल्लं वर येऊन तोंड उघडतात. त्यात वीज गेली तर हवेचा पंपही बंद. मी पिल्लं पसरट टबात, कमी पाण्यात ठेवतो आणि टबाभोवती ओला टॉवेल गुंडाळतो. आपल्या सोलापुरी टॉवेलसारखं पाणी धरून ठेवणारं दुसरं काही मला सापडलं नाही.

इतकं करून जगवलेली पिल्लं वाढली की टाकी अपुरी पडते, आणि मग माणसाला तलाव आठवतो. पण गप्पी इथली नाही, दक्षिण अमेरिकेकडची आहे. तलावात ती इथल्या लहान माशांची अंडी-पिल्लं खाते, त्यांचं अन्न पळवते, घरच्या टाकीतले रोगही सोबत नेते. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात येणारा सकर मासा हाही शोभेचाच मासा. तो आता बाहेर कोण काढणार?

डेंग्यूच्या डासांसाठी आरोग्य विभागच गप्पी सोडतो, असं मला काही जण म्हणतात. खरं आहे. पण बंदिस्त हौद वेगळा आणि पावसाळ्यात भरून वाहणारा तलाव वेगळा. वापरायच्या पाण्याच्या हौदासाठी शेजाऱ्यांना पिल्लं द्यावीत, मी आमच्या बोळात तेच करतो. महिन्याभरात नर रंगावरून ओळखू येऊ लागतात, तेव्हाच ते वेगळे करावेत. उरलेली दुकानदारांनी परत घ्यावीत. माझा नेहमीचा दुकानदार घेतो, पैसे देत नाही, आणि माझी काही तक्रार नाही.

महापालिकेला एक विनंती. कंबर तलाव आणि सिद्धेश्वर तलावाच्या काठी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत फलक लावावा. ‘घरातले मासे इथे सोडू नयेत’ एवढंच त्यावर असलं तरी पुरे.

– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर