बाबा, गुरुवारी अकरा वाजता

प्रिय आई, बाबा,

हे फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता. फोनवर बाबा दोनदा "हो, हो" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. ते तसं का करतात, ते मला आता कळलंय. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा. आई, तू खांद्यावरून डोकावून शेवट आधी वाचू नकोस.

आधी नातवाचं. बावीस महिने पूर्ण झाले. सध्या झाकणांचं वेड आहे. खालच्या फळीवरचे सगळे डबे बाहेर काढायचे, झाकणं वेगळी करायची आणि कुठलं कशाला बसतंय ते बघायचं. मोठं झाकण छोट्या डब्यावर ठेवतो, ते घसरतं, मग माझ्याकडे असा बघतो की जणू डबा मीच चुकीचा केलाय. काल एक झाकण टक् करून बसलं. त्याने काढलं, परत लावलं, परत टक्. चौदा वेळा. मी मोजलं, कारण तो टक् त्याला ऐकू येतोय याचंच मला अप्रूप होतं.

इथे एक कबुली द्यायची आहे. चार महिने लपवलं तुमच्यापासून.

आई, तो चालत नव्हता तेव्हा तू किती जीव टांगणीला लावलास! रांगलाच नाही तो, एक पाय मुडपून बसल्या बसल्या सरकायचा. तेव्हा मीच तुला शहाणपण शिकवलं होतं, की जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास छापलाय, आधाराशिवाय चालणं आठव्या महिन्यापासून जवळजवळ अठराव्यापर्यंत कधीही येतं आणि शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत. सोळाव्या महिन्यात उठला आणि निघाला. म्हणून बोलेना तेव्हाही मी स्वतःची तशीच समजूत घातली. मुलगे उशिरा बोलतात, धाकट्या मामाचं तर सगळ्यांना ठाऊकच आहे, वगैरे.

मग अठराव्या महिन्यात एका दुपारी तो भिंतीकडे तोंड करून ठोकळे रचत होता. मी दारातून त्याला हाक मारली. मग जवळ जाऊन. मग अगदी पाठीशी बसून, हळू आवाजात. ढिम्म. तंद्री लागली असेल म्हटलं. तेवढ्यात आत पातेलं पडलं, तो दचकून वळला आणि मला इतक्या जवळ बघून पुन्हा दचकला. त्या दुसऱ्या दचकण्याने मला रात्रभर झोप लागली नाही.

दाखवून आणलं. डॉक्टरांनी आधी त्याचा खेळच पाहिला. त्याने खिडकीतला पक्षी बोटाने दाखवला आणि मी बघतेय ना म्हणून वळून माझ्याकडे पाहिलं, ते त्यांना फार आवडलं. रिकाम्या वाटीतून बाहुलीला भरवलं, तेही. मग कानात मऊ बूच घालून हवेचा दाब कमीजास्त केला. पडदा नीट हलत असेल तर आलेखावर डोंगर दिसतो. याची सपाट रेघ. दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचलं होतं, सर्दीचं. पाण्यात बुडी मारून ऐकावं तसं ऐकत होता बिचारा, आणि मी त्याला हट्टी म्हणत होते. बहुतेक मुलांचं ते आपोआप ओसरतं म्हणून तीन महिने थांबायला सांगितलं. ओसरलं. या वेळी डोंगर आला. आता वीसेक शब्द झालेत, दोन शब्द जोडायची खटपट सुरू आहे.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण आईचा रक्तदाब. रागवा हवं तर, पण आता काळजीचं काही नाही.

बाबा, आता तुमचं.

मागच्या महिन्यात आम्ही आलो होतो, तेव्हा तुम्ही खिडकीशी पेपर वाचत होतात. सोन्याने मागून "आबा" म्हटलं. नवा शब्द होता, आठवडाभराचा. तीनदा म्हटलं. मग तो खुर्चीला वळसा घालून पुढे आला आणि चेंडू तुमच्या मांडीवर ठेवला. तुम्ही केवढे खूश झालात! मला मात्र ते ठोकळे आठवले.

यात तुमचं काही चुकलं नाही. वयानुसार आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ जातात, बायकांचे आणि मुलांचे आवाज पुसट होतात. म्हणून जावयांचं तुम्हाला नीट ऐकू येतं आणि माझं नाही. आणि आई पुटपुटत नाही, बाबा. चाळीस वर्षं ती कुणाला न ऐकू येण्यासारखं काही बोललेली नाही.

तर गुरुवारी अकराची वेळ घेतली आहे. विचारलं असतं तर "बघू" म्हणाला असतात, म्हणून आधी घेतली. मी बुधवारी रात्रीच येते. कदाचित नुसता मळही असेल. यंत्र लागलंच तर ते कानामागे लपतं, दुपारी झोपताना काढून ठेवता येतं, तुमचा पेपर आणि तुमची शांतता कुणी हिरावून घेत नाही. सुरुवातीला भांड्यांचा आवाज नकोसा होईल, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवशीच डबीत ठेवून कपाटात टाकायचं नाही. ऐकण्याकडे दुर्लक्ष झालं तर पुढे स्मरणशक्तीलाही धोका वाढतो, असं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने म्हटलंय. घाबरवत नाहीये, पण माहीत असलेलं बरं.

लहानपणी अंधारात मी नुसतं "बाबा" म्हटलं, तेही उशीत तोंड खुपसून, तरी पलीकडच्या खोलीतून "आहे गं" यायचं. प्रत्येक वेळी. मी कधीकधी उगाचच म्हणायचे, खात्री करायला.

तोवर कानात तेल नाही, काडी नाही, गुरुवारी सकाळी तर मुळीच नाही. आई, त्यांच्याशी बोलताना समोर जाऊन बोल, आतल्या खोलीतून ओरडू नकोस, आणि आधी टीव्ही बंद कर. रक्तदाबाची गोळी घेतलीस का, ते मी येऊन पाकीट मोजून बघणार आहे.

सोन्याचा चेंडू त्या दिवशी तुमच्या पलंगाखाली गेलाय. काढून ठेवा. पण बाबा, तुम्ही वाकू नका, काठीने पुढे ओढा.

तुमची,
ताई