धुरा सरकवणाऱ्यांचे आभार

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरचा कॉम्प्युटर २०११ सालचा. सी ड्राइव्ह ६० जीबीचा, काठोकाठ भरलेला. शेजारचा डी ४०० जीबीचा अन् जवळपास पडीत.

सीला द्यायला डीमधून ५० जीबी 'श्रिंक' करून, म्हणजे डी आकसून, काढले, तरी सीवरचं जागा वाढवायचं 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' काही उमटेना. दोन दिवस डोकं खाजवलं. मग फोनवर एका अनोळखी दादांनी एका दमात समजावलं : "भाऊ, जागा निघाली ती डीच्या पलीकडच्या टोकाला. सीले लागून पाहिजे. मधात डीचं वावर हाय ना!" हे शेतकऱ्याच्या पोराला कळायला दोन दिवस लागले, काय म्हणावं!

त्यांच्याच सांगण्यावरून जीपार्टेड नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालतं, आणि डीचा धुराच, म्हणजे बांधच, उजवीकडे सरकवतं. पेनड्राइव्ह तयार करून देणाऱ्या सायबर कॅफेतल्या पोट्ट्यानं पैसे घेतले नाहीत. "आधी बॅकअप घ्या, मगच हात लावा," असं मात्र तीनदा बजावलं. म्हणून बाबांचे फोटो अन् सातबाऱ्याचे स्कॅन आधी दुसरीकडे उतरवले.

खरा घोर लाइटचा. डेटा सरकत असताना वीज गेली तर सारंच मातीत. शेजारच्या काकूंनी आपला इन्व्हर्टर उचलून दिला आणि स्वतः अंधारात बसल्या. रात्री ९ ते १च्या दरम्यान लाइट दोनदा गेली.

सी आता ११० जीबीचा आहे. पहिल्यांदा सुरू होताना डिस्क तपासणी चालली तेव्हा पोटात गोळा आला होता, पण तेही निभावलं. दादा, पोट्ट्या, काकू, तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काकू, इन्व्हर्टर उद्या सकाळी आणून देतो.