आई-बाबांना: आंबोली ते गोकाक, सायकलवरनं

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर सांगत होते पण बाबांना स्पीकरवर नीट ऐकू येत नाही आणि आई तू दर दोन वाक्यांनी विचारतेस पडली नाहीस ना, म्हणून आता सगळं लिहूनच काढते. दादाला सांगा मोठ्यानं वाचून दाखव म्हणून, आणि मधलं काय गाळू नको म्हणावं. पडले नाही. कोणीच पडलं नाही. ते पहिलं सांगून टाकलं म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे ऐकाल.

कोण कोण होतं विचारलं होतंस. वडगावच्या शाळेतली माझी बेंचवरची मैत्रीण, ती आता मास्तरीण आहे, बँकेतली एक आणि तिचा नवरा, टिळकवाडीतले दातांचे डॉक्टर जे साठीला आलेत तरी सगळ्यांच्या पुढे, आणि कॉलेजची पोरं. मागनं एक छोटा टेम्पो, त्यात बॅगा, ट्यूबा, पंप, केळी, ओआरएसची पाकिटं. म्हणजे रस्त्यात कोणाला जमेना झालं तर सायकल वर टाकायची आणि बसायचं, त्यात काय लाज नाही. आणि सासूबाई काय म्हणाल्या हा जो तुझा खरा प्रश्न आहे त्याचं उत्तर असं की त्यांनी दशम्या आणि शेंगांची चटणी बांधून दिली, वर म्हणाल्या आंबोलीत थंडी असते, कानाला बांध काहीतरी. हेल्मेटच्या आत मफलर कसा बांधायचा ते त्यांनाच माहीत.

आयडिया डॉक्टरांची. नुसतं इथनं तिथं सायकल मारण्यापेक्षा एक नदी धरून जाऊया म्हणाले, हिरण्यकेशी. आंबोलीला उगम, मग आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर, पुढं घटप्रभेत मिसळते आणि घटप्रभा गोकाकला कड्यावरनं खाली पडते. तर आधी आंबोलीला जायचं आणि तिथनं पाण्याबरोबर खाली यायचं.

शुक्रवारी बेळगावातनं अंधारातच निघालो, लाल दिवे मागं लावून. हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची, बाबांचा सगळा पाठ असलेला रस्ता. भात पोटरीला आलंय, रताळ्याचे वेल बांधापर्यंत पसरलेत. शिनोळीला महाराष्ट्र लागला की पाट्या बदलतात, बाकी माती तीच लाल, माणसं तीच, चहाच्या खोक्यातला माणूस एका गिऱ्हाइकाशी कन्नड आणि दुसऱ्याशी मराठी बोलत होता आणि शिव्या मात्र दोन्हीत. बाबा तुम्ही मागाचं सूत सायकलला बांधून आणायचात ते दिवस मला आठवले, तुमच्याकडं ना गिअर ना हेल्मेट, आणि आम्ही हे एवढं सामान घेऊन पाटणे फाट्याला धापा टाकत उभे.

धापा चढामुळं नाहीत बरं का. सगळ्यांना वाटतं आंबोली म्हणजे घाट चढायचा. घाट कोकणातनं वर येणाऱ्यांना, आपण आधीच वर बसलोय. बेळगाव साधारण साडेसातशे मीटरवर आहे आणि आंबोली सातशेच्या खाली, म्हणजे हिशेबानं आपण उतरतच जातो. रस्ता खालीवर होतो तेवढंच. खरा त्रास वाऱ्याचा. पावसाळ्याचा वारा पश्चिमेकडनं येतो आणि आम्ही पश्चिमेलाच चाललेलो, तोंडावर वारा, पायडल मारतोय पण सायकल पुढं सरकत नाही. तेव्हा काय करायचं तर एकामागं एक ओळीनं चालवायचं, पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्यांचा जोर वाचतो, पुढचा दमला की बाजूला होऊन शेपटाला यायचं आणि दुसरा पुढं. मास्तरीण म्हणाली वारीतल्या दिंडीसारखं झालं की हे. कॉलेजची पोरं मात्र आपली पाळी आली की हटकून चेन पडली म्हणायची. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा खाली उतरून चेन बघितली, मग पडायची बंद झाली.

नागनवाडीच्या पुढं पाऊस सुरू. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो म्हणे, आपल्या बेळगावात बाराशे-तेराशे झाला तरी तू कपडे वाळत नाहीत म्हणून कुरकुरायचीस! हिरण्यकेशीचं देऊळ गर्द झाडीत आहे, मागं गुहा, गुहेतनं पाणी येतं आणि पुढच्या कुंडात पडतं, एवढंसं. पाय टाकला तर बर्फ. तिथनं समुद्र जवळच, घाट उतरला की सावंतवाडी आणि मग वेंगुर्ला, पण हे पाणी तिकडं जात नाही, पाठ फिरवून उलटं पूर्वेला निघतं, घटप्रभेतनं कृष्णेत आणि कृष्णेतनं पार आंध्रात बंगालच्या उपसागराला. शाळेत सह्याद्रीची पाणलोट रेषा म्हणून मार्कांसाठी पाठ केलेलं, ते असं ओल्या बुटात उभं राहून बघितल्यावर वेगळंच वाटलं.

दुसरा दिवस सोपा गेला, म्हणून त्याचं फार लिहीत नाही. वारा पाठीला, रस्ता हळूहळू उतरता. संकेश्वर-बांदा रस्ता आता मोठा रुंद झालाय, सायकलला गुळगुळीत छान पण सावली गेली. आजऱ्याला रामतीर्थावर नदी खडकांवरनं उड्या मारत जाते तिथं दशम्या संपवल्या. आई, तुझ्यासाठी आजरा घनसाळ घेतलाय, बारीक वासाचा तांदूळ, पण आपल्या बासमतीला तू नावं ठेवू देत नाहीस हे माहीत असल्यामुळं थोडाच घेतलाय. गडहिंग्लजला भर बाजारात पोरं फुटबॉलच्या जर्सीत फिरतात, तिथं क्रिकेटपेक्षा त्याचंच वेड. संध्याकाळी संकेश्वर, म्हणजे परत कर्नाटक. पाऊस तोवर संपलेला. सकाळी जिथं कपडे पिळत होतो तिथनं एका दिवसात उन्हानं पाठ भाजायला लागली.

संकेश्वरात लॉजच्या बाहेर एक आजोबा, फेटा, पांढरं धोतर, सायकलींकडं बघत उभे. एल्लिंद बंद्री म्हणाले, कुठनं आलात. मी म्हटलं बेळगाविंद, आंबोलीवरनं फिरून आलोय. त्यांनी माझ्याकडं बघितलं, सायकलकडं बघितलं, आणि विचारलं बस बंद आहे काय. बाबा, तुम्ही असता तर त्यांच्याशी कन्नडमध्ये तासभर बसला असता. मला तेवढं येत नाही, मी नुसती हसले.

तिसऱ्या दिवशी हायवे सोडून हुक्केरीकडच्या आतल्या रस्त्यानं हिडकल धरण. आणि आता आई नीट ऐक. तू दादाकडं गेल्यापासून म्हणतेस पुण्याच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहाला चव नाही, केस गळतात. दादा हसतो. तर आपल्या नळाला जे पाणी येतं ते एक राकसकोपचं, मार्कंडेय नदीचं, आणि दुसरं या हिडकलचं, घटप्रभेचं. मी धरणावर जाऊन बघितलं, केवढं पाणी, पलीकडचा काठ धुक्यात. याच पाण्याखाली विठ्ठलाचं जुनं देऊळ आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की कळस दिसायला लागतो, मग लोक दर्शनाला जातात. आत्ता देव आत. मास्तरीण हात जोडून उभी राहिली नुसत्या पाण्यापुढं, मग आम्ही पण राहिलो. तेव्हा तुझ्या नळाच्या पाण्याची चौकशी करून आले असं समज, जागेवर आहे सगळं.

पुढं गोकाकपर्यंत जमीन बदलतच जाते. भात संपतो, ऊस लागतो, मग मका, ज्वारी, काळी माती, बाभळी. त्या भागात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी खूप. म्हणजे आंबोलीचा दहावा हिस्सा पण नाही, आणि शेतं जगतात ती वरनं आलेल्या पाण्यावर, कालव्यानं. हे गाडीतनं जाताना कधी डोक्यात आलं नव्हतं. गाडीत दोन तासांत झोपून पोचतो आपण. सायकलवर पाऊस कुठं संपला ते अंगाला कळतं.

दुपारी एका खानावळीत कडक भाकरी, भरली वांगी, दही आणि ताटाच्या कडेला शेंगांची चटणी, किती खाल्लं ते लिहीत नाही.

गोकाकचा धबधबा बाबा तुम्ही बघितलाय, पण पावसाळ्यात कधी? बावन्न मीटर खाली पडतो, पाणी लालसर तपकिरी, आवाजानं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणजे तुमच्यासाठी बरं, सगळेच बहिरे. पलीकडं ती सूतगिरणी, जिच्या सुताचं नाव तुम्ही मागावर बसून घ्यायचात, आणि वरनं झुलता पूल. डॉक्टर रेलिंगला टेकून हिशेब करत होते की परवा कुंडात बघितलेलं पाणी इथवर आलं असेल का. बँकवाली म्हणाली मधे धरणं-बंधारे आहेत, व्याजासकट अडकलं असेल.

परतीला अंकलगी, सुळेभावी, परत तोंडावर वारा, परत ओळ. आता पोरं न सांगता पुढं जात होती. कणबर्गीला दिवे दिसले तेव्हा बसायची जागा इतकी दुखत होती की मी बराच वेळ उभीच चालवली. पॅडवाली चड्डी असते आमच्याकडं, तरी. गुडघे ठीक आहेत, आई. सोमवारी कामावर गेले.

वडगावचं घर बघून आले. कौलं ठीक आहेत, मागच्या खोलीत थोडी ओल, तुळशीला शेजारच्या काकू पाणी घालतात. गोकाकचा करदंट, डिंक-सुकामेव्याची ती मिठाई, दादाच्या पत्त्यावर पाठवलाय, बाबांनी रोज एकच तुकडा, आणि तो आईनं मोजून द्यायचा.

आता मुद्द्याचं. बाबांच्या डोळ्याचं झालंय, डॉक्टरनं प्रवास चालेल म्हटलंय, तर दसऱ्याला या. धबधब्याला पाणी असेपर्यंत गोकाकला जाऊन येऊ, सायकल नाही, घाबरू नका, सरळ बसनं. 2023 पासून बायकांना राज्याच्या आतल्या साध्या बसला तिकीट नाही, म्हणजे तू आणि मी फुकट, बाबांचं तेवढं काढायचं. फक्त कंडक्टरला कर्नाटकातला पत्ता असलेलं कार्ड दाखवावं लागतं. दादा म्हणत होता तुमच्या आधारवर पुण्याचा पत्ता घालून टाकू, बँकेला सोपं जातं. त्याला सांग, आत्ता नको. वडगावचाच राहू दे.

तुमची,
बेबी