नंदाताईचा ब्राउनी

प्रिय विनू,

दोन महिने पत्र नाही की फोन नाही, काय शिव्या घालायच्यात त्या घाल. पाठ बरी आहे, गोळ्या चालू आहेत, तो विषय संपला.

लिहितोय ते नंदाताईच्या त्या ऑरॅकल कार्डापायी, म्हणजे कौल घ्यायला ओढतात त्या चित्रांच्या पत्त्यापायी. तू समोरच होतास. तिनं डेकमधून ब्राउनीचं, म्हणजे लोककथेतल्या घरकाम करणाऱ्या घरभूताचं, कार्ड ओढलं, मी डेकसोबतची पुस्तिका उघडून 'मदतीची परतफेड' एवढं वाचलं आणि शहाणपणा केला: भाच्याला छानसा शर्ट घेऊन टाक, रात्री जागून तुझे हिशेब लिहितो बिचारा, तेही फुकट. काल तेच कार्ड नीट बघितलं आणि पोटात गोळा आला. चुलीपाशी सायीचा वाडगा, बाकावर घडी केलेला नवा अंगरखा, आणि ब्राउनीची नजर दाराकडे. अरे, तो निघालाय!

ब्राउनी स्कॉटलंडच्या सखल भागातला आणि उत्तर इंग्लंडातला. रात्री येऊन मळणी करतो, लोणी घुसळतो, झाडलोट करतो. त्याच्यासाठी साय किंवा चांगलं दूध ठेवायचं, पण नुसतं ठेवायचं. हातात द्यायचं नाही, मजुरी म्हणायची नाही. आणि कपडे दिले की तो कायमचा जातो. म्हणजे या कार्डावर वाडगा आणि अंगरखा हे एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आणि पुस्तिकेनं दोघांना 'भेट' म्हणून एकाच पिशवीत कोंबलंय. वर त्याला पंखही चिकटवलेत! ब्राउनीला पंख कुठले?

आता खरी अडचण. तो का जातो, यावर लोककथांचं एकमत नाही, आणि कारण बदललं की कार्डाचा अर्थच फिरतो. काही ठिकाणी कपडे म्हणजे चुकती केलेली मजुरी: हिशेब मिटला, नातं संपलं. काही ठिकाणी नव्या कपड्यांत तो एवढा खूश होतो की काम कोण करतो म्हणून नाचत निघून जातो. इंग्लंडातल्या लिंकनशायरमध्ये मात्र तो चिडून जातो, कारण त्याला लिननऐवजी हेम्पचा जाडाभरडा सदरा दिलेला असतो. म्हणजे देण्याला हरकत नव्हती, हलकं देण्याला होती! रेजिनाल्ड स्कॉटच्या 1584 च्या पुस्तकातही रॉबिन गुडफेलो हा ब्राउनीसारखाच घरभूत कपडे मिळाले म्हणून फणकारून जातो, म्हणजे हे रडगाणं जुनंच आहे.

टीकाही त्याला चालत नाही. स्कॉटलंडातल्या क्रॅनशॉज गावच्या ब्राउनीबद्दल कोणीतरी पुटपुटलं, धान्य नीट रचलं नाही म्हणून. त्यानं सगळं धान्य रातोरात कड्यावरून खाली फेकलं. (तुझ्या भाजीला मी नावं ठेवली होती तेव्हा तूही जवळपास हेच केलंस.) दुखावला की त्याचा बोगार्ट, म्हणजे घरच्यांना छळणारं भूत, होतो. कंटाळून घर सोडणाऱ्या कुटुंबाच्या सामानातल्या रवीच्या पिंपातून त्या बोगार्टचाच आवाज येतो, "हो, आपण निघालोय!" कार्ड उलटं आलं तर मी तेच वाचेन, पण आधी त्या डेकमध्ये उलट्या कार्डाला अर्थ दिलाय का ते बघून. पुष्कळ ऑरॅकल डेकमध्ये तो नसतोच.

आपलं जुनं भांडण आठव. तू म्हणायचास, आधी चित्र बघ. मी म्हणायचो, आधी कथा. या खेपेला तुझं बरोबर, दार मला दिसलंच नाही. पण कथेशिवाय दाराचा अर्थ तुलाही लागला नसता, तेव्हा अर्धेच गुण घे. आता मी असा क्रम ठेवलाय: नाव झाकून चित्रातल्या वस्तू मोजायच्या, मग तो कुठल्या मुलुखातला ते बघायचं, मग तो कशानं जातो ते, आणि पुस्तिका सगळ्यात शेवटी.

तरी नंदाताईला काय सांगू? 'काही देऊ नकोस' म्हणालो तर भाचा जन्मभर फुकट राबेल, आणि तो काही ब्राउनी नाही, त्याला पोट आहे. मला वाटतं, द्यायचं तर शर्टावर बोळवण करू नये. पैसे किती ते त्यालाच विचारून ठरवावं, आणि तो पुढे हिशेब बघणार नाही हेही धरून चालावं. पण हे लिननवालं उत्तर झालं. कार्ड मजुरीवालं असेल तर?

नव्या नोकरीचं अभिनंदन, छोटीची परीक्षा झाली असेल, वहिनींना नमस्कार.

एक काम कर. तुझ्याकडे तोच डेक आहे आणि छपाई माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. भिंग घेऊन त्या अंगरख्याची कड बघ. वीण जाडी दिसते की बारीक? तोवर ताईला काही बोलू नकोस.

तुझा,
दिगू