बोअरच्या पाण्यावरची वॉशिंग मशीन: तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: पाण्याची चौकशी न करता विकलेली मशीन, चुकीचे सल्ले आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय,

मी रावेर तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. घरी केळीची शेती, माणसं भरपूर, त्यामुळे धुण्याचा ढीग रोजचा. तुमची समोरून दार उघडणारी मशीन आम्ही गेल्या वर्षी घेतली. वॉरंटी अजून चालू आहे, तरी जळालेला हीटर बदलून द्यायला तुमच्या सेवा केंद्राने नकार दिला. कारण सांगितलं ते असं: "तुमचं पाणी खराब आहे, त्याला कंपनी काय करणार?" माझी तक्रार मुख्यतः या उत्तराबद्दल आहे.

सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात गावोगावी बोअरचं पाणी वापरतात आणि ते जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असतं. तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस धरत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. तुमच्या विक्रेत्याचं दुकान याच भागात आहे, त्याच्या घरीही असंच पाणी असणार. तरी मशीन विकताना त्याने रंग विचारला, हप्ते विचारले, पाणी कुठलं हे विचारलं नाही.

नुसत्या तोंडी बोलण्यावर राहायला नको म्हणून मी पाणी तपासून घेतलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतं. आमच्या पाण्याचा आकडा या दोन्हींच्या मध्ये, वरच्या टोकाकडे आला. म्हणजे जे पाणी मानकानुसार माणसाला प्यायला चालतं, ते तुमच्या मशीनला चालत नाही. मग हे खरेदीच्या आधी सांगायला हवं होतं.

पहिल्या काही महिन्यांतच टॉवेल पापडासारखे कडक व्हायला लागले, काळ्या कपड्यांवर पांढरी पूड दिसायला लागली आणि मुलांचे शाळेचे पांढरे शर्ट राखाडी पडले. तुमच्या माणसाने मशीन न उघडताच सांगितलं, पावडर जास्त होते, निम्मी करा. तसं केल्यावर शर्ट आणखी मळकट झाले. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पावडरीचा जोर आधी खाऊन टाकतं. उरलेल्या पावडरीत मळ धरून ठेवायची ताकद राहत नाही, म्हणून सुटलेला मळ पुन्हा कापडावरच बसतो. अशा पाण्यात माप वाढवावं लागतं. युरोपात पावडरीच्या पुड्यांवर मऊ, मध्यम आणि जड पाण्यासाठी वेगवेगळी मापं छापलेली असतात. तुमच्या पुस्तिकेत सगळ्या देशासाठी एकच माप आहे, आणि पुस्तिकाही इंग्रजी-हिंदीत.

पुढच्या वेळी सल्ला मिळाला की धुण्याचा सोडा टाका. बादलीत हे चालतं, कारण सोड्यामुळे खाली बसलेला क्षार टाकून वरचं पाणी घेता येतं. मशीनमध्ये तो क्षार जाणार कुठे? कपड्यांवर आणि हीटरवरच बसणार. काळ्या ओढणीवरची पूड लिंबाच्या पाण्याने लगेच विरली, तेव्हा तो क्षारच आहे हे मला कळलं. सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, रिकाम्या ड्रममध्ये टाकून मशीन गरम पाण्यावर अधूनमधून चालवली की हा थर सुटतो. हे मी स्वतः शोधून काढलं. तुमच्या हेल्पलाइनवर कोणालाही ते सांगता आलं नाही.

सगळ्यात जास्त राग मला हीटरचा आहे. केळीच्या चिकाचे डाग जात नाहीत म्हटल्यावर तुमच्या माणसाने सगळं धुणं ६० अंशांवर लावायला सांगितलं. चिकाच्या डागांबद्दल मी मशीनला दोष देत नाही. ताजा चीक बिनरंगी असतो, हवा लागली की तपकिरी-काळा होतो, आणि वाळला की पक्का. म्हणून आमच्याकडे घड कापायचे कपडेच वेगळे असतात, आणि चीक उडाला तर तिथल्या तिथे थंड पाण्याने धुतात. गरम पाण्याने तो डाग उलट घट्ट बसतो. शिवाय जड पाणी जितकं तापवाल तितका क्षार हीटरवर चढतो. थर चढलेला हीटर आपली उष्णता पाण्याला देऊ शकत नाही, आतल्या आत तापतो आणि जळतो. म्हणजे तुमच्याच सल्ल्याने हीटर गेला, आणि त्याच क्षाराचं नाव पुढे करून तुम्ही वॉरंटी नाकारता. हे मला मान्य नाही.

मध्येच पाणी भरणं बंद व्हायचं, तेव्हाही "टाकी उंच करा" एवढंच उत्तर मिळालं. पाण्याच्या नळीच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी रेती आणि क्षाराने गच्च भरली होती. आमच्या गावातल्या प्लंबरने ती पकडीने ओढून काढली, धुतली, आणि पाणी सुरू झालं. पावसाळ्यात दाराच्या रबरावर काळी बुरशी धरली आणि कपड्यांना कुबट वास यायला लागला, त्या रबराचे पैसे मात्र तुम्ही घेतलेत.

माझी मागणी अशी. हीटर वॉरंटीत विनामूल्य बदलून द्या आणि रबराची रक्कम परत करा. ही मशीन किती जडपणापर्यंतच्या पाण्यावर चालते ते लेखी कळवा. त्यापेक्षा आमचं पाणी जड असेल तर मशीन परत घ्या. रावेर, यावल, चोपडा भागात विकताना विक्रेत्याने जडपणा दाखवणाऱ्या कागदी पट्टीने पाणी तपासावं, त्याला वेळ लागत नाही आणि खर्चही मोठा नाही. जड पाण्यासाठी पावडरीचं माप, जाळीची सफाई आणि क्षार काढायची पद्धत मराठीत छापून द्या. माझ्यासारख्या कितीतरी बायका आज कडक टॉवेल आणि राखाडी शर्टांसाठी स्वतःलाच बोल लावून घेत असतील, त्यांच्यासाठी हे फार गरजेचं आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत तर त्यासाठीही उत्पादक जबाबदार ठरू शकतो, आणि ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि नंतर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

कळावे.

आपली,
एक ग्राहक, ता. रावेर, जि. जळगाव

सोबत: खरेदीची पावती, वॉरंटी कार्ड, पाणी तपासणीचा अहवाल, रबराचं बिल, हीटरचे व कपड्यांचे फोटो